दोह्याचा लाकडी जहाजांचा महोत्सव: अण्णांना नेमकं काय दाखवू?

अंजनवेलची

मंडळी, एक सल्ला हवाय. नोकरीनिमित्त दोह्यात राहते. यंदा हिवाळ्यात वडील, म्हणजे आमचे अण्णा, पहिल्यांदाच इकडे येतायत. त्याच सुमारास कतारा सांस्कृतिक गावाच्या किनाऱ्यावर पारंपरिक लाकडी जहाजांचा, म्हणजे धाऊंचा महोत्सव असतो. २०११पासून भरतो. आखातातल्या देशांची जहाजं येतात, आपल्याकडचीही येतात.

अण्णा तरुणपणी फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू जहाजावर, खलाशी होते. दाभोळहून मुंबईला जाताना जळाऊ लाकूड आणि कोळसा, येताना धान्य नि घासलेटचे डबे. पुढे गिरणीत लागले आणि समुद्र सुटला तो सुटलाच. पण अजून वारा फिरला की खिडकीशी जाऊन उभे राहतात.

मला वाटलं, खूश होतील. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "इंजिन बसवलेली तारवं बघायला विमानात बसून कशाला येऊ? ती भाऊच्या धक्क्यावर फुकट दिसतात."

मी स्वतः गेल्या वर्षी गेले होते. खरं सांगायचं तर मला सगळी जहाजं सारखीच वाटली. दिव्यांच्या माळा, ढोल, गर्दी, करक चहा, फोटो, संपलं. आता अण्णांना नेलं आणि त्यांनी "हे काय?" म्हणून तोंड फिरवलं तर? तिथे बघण्यासारखं नक्की काय असतं, कुठल्या वेळी जावं, शिडं खरोखर चढवतात का, जहाजावर चढू देतात का? अण्णांचे गुडघे कुरकुरतात, पण शिडी दिसली की ते ऐकायचे नाहीत, हेही लक्षात घ्या.

दोहावासी

आधी व्यवहाराचं सांगतो, जहाजांचं जाणकार सांगतीलच.

गुरुवार आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळा. पार्किंगमध्येच अण्णांचा उत्साह संपेल. मेट्रोच्या रेड लाईनवर कतारा स्टेशन आहे, दोन रियालात काम होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो, म्हणजे ऑफिस सुटल्यावर निघालात तर पोचेपर्यंत अंधार. दिव्यांत जहाजं छान दिसतात, पण बघण्यासारखं काही कळत नाही. सुट्टी काढा आणि उजेडात जा. कार्यक्रमाचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते आधी पाहून घ्या.

वडिलांना टोपी आणि पाठ टेकता येईल अशी जागा. बाकी काही लागत नाही.

सुकाणू

अण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना न्याच.

गाव जयगड. आयुष्य लोखंडी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, पण आखातातल्या बहुतेक बंदरांत सुट्टीच्या दिवशी मी लाकडी जहाजांच्या धक्क्यावरच सापडायचो. कतारालाही गेलोय. तर ऐका.

तुम्ही मागच्या वेळी पाहिलीत ती जहाजांची पाठ. फिरायच्या रस्त्यावरून तीच दिसते: कोरीव काम, रंग, झेंडे, दिवे. सुतारानं हौसेनं केलेलं असतं, वाईट नाही, पण अण्णांसारखा माणूस तिथे दोन मिनिटं थांबणार नाही. त्यांना डोलकाठीच्या बुंध्याशी न्या आणि वर बघा म्हणावं.

पहिलं दिसेल ते हे की डोलकाठी सरळ उभी नाही, पुढे झुकलेली आहे. तिच्यावर आडवं-तिरकं लटकतं ते परबाण. मोठ्या जहाजाचं परबाण डोलकाठीपेक्षाही लांब असतं. एवढं लांब सरळ लाकूड एका झाडात मिळत नाही, म्हणून दोन-तीन वासे एकमेकांवर चढवून दोरानं आवळलेले असतात. हा आवळलेला भाग हाताशी आला तर जवळून बघा. दोराचा एकेक वेढा ठोकून शेजारच्या वेढ्याला भिडवलेला असेल, मधे नख शिरत नसेल, दोर घासून घासून गुळगुळीत झाला असेल, तर हे जहाज शीड चढवतं. वेढ्यांमध्ये फटी आणि वरून वॉर्निशचा हात असेल तर ते फोटोपुरतं. ही एक खूण कळली की "सगळी सारखीच" हे तुमचं मत दहा मिनिटांत बदलेल.

शीडही नीट बघा. पुस्तकात त्रिकोणी काढतात, पण या जहाजांच्या शिडाचा पुढचा कोपरा बहुधा कापलेला असतो, म्हणजे पुढच्या बाजूला एक आखूड कड राहते. भूमध्य समुद्रातली शिडं टोकापर्यंत निमुळती, अरबी समुद्रातली अशी. आपल्या फत्तेमारीचंही याच घराण्यातलं. अण्णांना हे सांगायची गरज नाही, तुमच्यासाठी लिहिलं.

आता खरी गंमत. ही जहाजं दिशा कशी बदलतात ते बघायला मिळालं तर सोडू नका. वाऱ्याच्या उलट जायचं तर नागमोडी जावं लागतं, कधी वारा डावीकडून घ्यायचा, कधी उजवीकडून. हल्लीच्या यॉटला सोपं आहे, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवली की शीड आपोआप दुसऱ्या बाजूला जातं. इथे तसं करायला गेलं की शीड डोलकाठीवर थापलं जातं आणि जहाज अडकतं. म्हणून तांडेल, म्हणजे जहाजाचा प्रमुख, जहाज उलट दिशेनं फिरवतो, वारा पाठीवर घेतो. त्याच क्षणी दामण, म्हणजे शिडाचा मोकळा कोपरा ताणून धरणारा दोर, सोडतात, परबाणाचं खालचं टोक डोलकाठीच्या पायथ्याशी ओढून घेतात, आणि ते अख्खं धूड उभं होतं. मोठा पलंग दारातून काढताना उभा करतात ना, तसं. शीड पुढे फडफडत असतं, आणि दोन-तीन खलाशी त्याचा मोकळा कोपरा हातात धरून नाळेच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला धावत नेतात. डोलकाठी पुढे झुकलेली का, ते इथे कळतं: परबाणाला तिच्या पुढून फिरायला मोकळी जागा हवी. डोलकाठीला बाजूनं धरणारे ताणही तेवढ्यात वाऱ्याच्या बाजूला हलवावे लागतात, ते कायमचे जखडलेले नसतात. हे सगळं रात्री, लाटेत, पाऊस लागलेला असताना करायचं. अण्णांनी केलं असणार. तुम्ही त्यांना कधी विचारलंय का?

महोत्सवात हे दर तासाला होत नाही. जहाजं बहुतेक वेळ नांगरलेलीच असतात. पण शर्यतीच्या किंवा मिरवणुकीच्या दिवशी शिडं चढतात, त्या दिवसाचा पत्ता लावा.

जहाजं ओळखायची तर मागून बघा. दोन्ही टोकं निमुळती असतील तर ते बहुधा कुवेती धाटणीचं बूम. त्याच्या नाळेवरून एक लांब सरळ फळी पुढे आलेली असते, टोकाला काळा-पांढरा रंग. मागची बाजू सपाट कापल्यासारखी असेल तर संबूक किंवा बगला. बगला जुनी आणि मोठी, पाठीमागे कोरीव खिडक्या असलेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतं या समुद्रात फिरू लागली, त्यानंतर ही सपाट पाठ इकडे रुळली असं मानतात. निमुळती दोन टोकं त्याही आधीची. आपल्याकडची कोटिया ही बगल्याची जवळची बहीण.

लाकूड? कतारात जहाजाजोगं लाकूड नाही. सागवान मलबारातून यायचं, दोरासाठी काथ्या मलबार आणि लक्षद्वीपमधून. आत उतरू दिलं तर बघा: आधी फळ्या एकमेकांना भिडवून बाहेरचं कवच उभं करतात आणि आतल्या फासळ्या नंतर त्या कवचाच्या वळणाबरहुकूम तासून बसवतात. युरोपात मोठ्या जहाजांचं उलट, सांगाडा आधी. नकाशा कागदावर नसतो, सुतारांच्या म्होरक्याच्या डोक्यात असतो. खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेल्या कापसाचा वेढा देतात, फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकतात. पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी, वरच्या भागाला माशाचं तेल. वास आला तर नाक मुरडू नका. अण्णांना तो वास ओळखीचा वाटेल.

शेवटचं. अण्णांना खलाशाशी बोलायचं असेल तर "किती जुनं", "केवढ्याला" वगैरे विचारू नका म्हणावं, ते सगळेच विचारतात. "पाणी किती घेतं?" एवढंच विचारायचं. लाकडी जहाज कोरडं पडलं की फळ्या आकसतात, पाण्यात टाकल्यावर फुगून सांधे मिटेपर्यंत गळतं. न गळणारं लाकडी जहाज म्हणजे एक तर थाप किंवा फायबर.

फुकटचा सल्ला

सुकाणू, लिहिलंय झकास, पण जरा पाय जमिनीवर ठेवू या.

हे सगळे महोत्सव म्हणजे नटवलेली नवरी. जहाज इंजिनावर येतं, किनाऱ्याशी नांगरतं, टाळ्या वाजल्या की शीड अर्धं वर, फोटो झाले की खाली. तेलाच्या पैशावर उभी केलेली हौस. या जहाजांवरून मोत्यासाठी बुडी मारणाऱ्यांचे कान फुटायचे, कर्ज बापाकडून मुलाकडे जायचं, ते सांगणारा फलक मला तरी ठळक जागी दिसला नाही. फक्त गाणी नि खजूर.

आणि इकडे कोकणात? खाडीत लाकडी होड्या कुजतायत, फळ्या चुलीत जातात, सगळ्यांनी फायबर घेतलं. अण्णांनी आपल्या डोळ्यांनी आपलं जहाज मोडताना पाहिलं असेल. त्यांना दुसऱ्याची चकचकीत जहाजं दाखवून काय साधणार? माझं मत: घरी बसवा, मासे खिलवा, गप्पा मारा.

रुक्मावती

आम्ही काही वर्षं कच्छात मांडवीला होतो, यजमानांची बदली. रुक्मावती नदीच्या काठावर उघड्यावर जहाजं बांधतात, घराच्या गच्चीवरून सांगाडे दिसायचे. तीन-तीन मजली धूड, आणि खाली सुतार फळी गरम करून वाकवतोय. ती जहाजं शिडाची नाहीत आता, मोटारवाली आहेत, आखातात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल नेतात. पण हात तेच. म्हणून "इंजिन आलं म्हणजे सगळं खोटं" हे मला पटत नाही.

अंजनवेलची, एक बाईमाणसाचा सल्ला. आखातातल्या लाकडी जहाजांवर पुष्कळ खलाशी कच्छ-सौराष्ट्रातले नाहीतर केरळातले असतात, अण्णांना हिंदी येत असेल तर भाषेची अडचण नाही. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नका. घरच्या चकल्या न्या. शिडी आपोआप खाली येते.

सुकाणू

फुकटचा सल्ला, कर्जाचं बोललात ते शंभर टक्के खरं. मोत्याचा हंगाम उन्हाळ्याचा, साधारण जून ते सप्टेंबर, आणि हंगामाआधी घरखर्चाला उचल घ्यायची ती फिटतच नसे. त्यातलं कष्टाचं गाणं अजून ऐकू येतं मात्र. जहाजावर एक गाणारा असायचा, नह्हाम. महोत्सवात गाण्याचे फड बसतात तिथे त्याचा वरचा सूर सगळे ऐकतात. तुम्ही मागच्यांचा ऐका: सगळे मिळून खर्जात एक हुंकार लावतात, गाण्यापेक्षा कण्हण्याच्या जवळचा. बहरीनच्या या गायकीला, फिजिरीला, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत घेतलं. त्यात खजूर-बिजूर काही नाही.

हा धंदा बुडाला १९३०च्या आसपास. जपानी संवर्धित मोती आले आणि जागतिक मंदी आली, दोन्ही एकदमच. कतारात १९३९-४०च्या सुमारास दुखानला तेल लागलं, पण निर्यात सुरू व्हायला १९४९ उजाडलं. मधली वर्षं इथल्या लोकांनी कशी काढली असतील याची कल्पना गिरण्या बंद पडलेल्या आपल्या माणसांना चांगली येईल. आणि त्याआधी हे मोती जायचे कुठे? मुंबईला. कतारात १९६६पर्यंत रुपया चालायचा. १९५९पासून आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं वेगळ्या नोटा काढल्या होत्या. सहासष्टच्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतारनं तो सोडला. अण्णांना सांगा, हे लोक त्यांना परके नाहीत.

इंजिनाबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांत इंजिनं बसू लागली कारण खलाशांना वेळेवर घरी पोचायचं होतं. मी इंजिनवाला, मला त्यात पाप दिसत नाही. महोत्सवाला ठरल्या तारखेला पोचायचं, गजबजलेल्या बंदरात शिरायचं, तर इंजिन हवंच. वारा वेळापत्रक वाचत नाही.

"काय साधणार?" याचं उत्तर मात्र जरा लांबून देतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर १९८०च्या दशकात हीच रड होती, शिडाच्या मासेमारी होड्या संपल्या होत्या. १९८६ला दुआर्नने नावाच्या बंदरात जुन्या जहाजांचा मोठा मेळा भरला. मग एका सागरी मासिकानं किनाऱ्यावरच्या गावांसाठी स्पर्धाच लावली: आपल्या बंदराची जुनी होडी पुन्हा बांधा आणि १९९२ला ब्रेस्टच्या मेळ्यात घेऊन या. गावागावांनी वर्गण्या काढल्या, म्हाताऱ्या सुतारांना शोधून आणलं. त्या जहाजांतली कितीतरी अजून चालतात, ब्रेस्टचा मेळा चार वर्षांनी भरतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात होबार्टला १९९४पासून दर दोन वर्षांनी, हल्ली फेब्रुवारीत, असाच लाकडी बोटींचा मेळा. तिथलं ह्यूऑन पाईन म्हणजे अंगातच तेल असलेलं लाकूड, कीड लागत नाही, पण झाड इतकं हळू वाढतं की आता वाहून आलेले, पडलेले ओंडकेच वापरतात. तरी बांधतात.

मुद्दा असा की मेळा म्हटला की तारीख आली, आणि तारखेशिवाय सुताराच्या हाताखाली पोरगं टिकत नाही. फोटो काढणारे येतात त्यांना येऊ दे. त्यांच्यामुळे परबाण वेटाळायला शिकणारा एक जण तयार होतो, मला तेवढं पुरे.

आपल्याकडे अगदीच सामसूम आहे असंही नाही. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं जहाजाचं एक चित्र आहे. त्यावरून गोव्यात काथ्यानं शिवलेलं जहाज बांधलं, फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, इंजिन नाही. केरळच्या सुतारांचे हात लागले. 'कौंडिण्य' नावानं मे २०२५मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६मध्ये मस्कतला पोचलं. अजिंठा आपला, जहाज बांधलं गोव्यात, सुतार केरळचे. आपण चित्र दिलं! बरं, तेही काही कमी नाही.

फुकटचा सल्ला

चित्र दिलं, हाहा. बरं, माघार अर्धी घेतो. पण कोकणात असा मेळा भरला तर आधी मंडप, मग नेते, मग डीजे, आणि होड्या सगळ्यात शेवटी, हे लिहून ठेवा.

सुकाणू

हे मात्र लिहून ठेवायचीही गरज नाही.

अंजनवेलची

मंडळी, धाग्यावर उशिरा येतेय. अण्णा आले, आणि जाऊन आलो.

दोहावासींचं ऐकून मधल्या वारी, दुपारीच गेलो. पहिली पंधरा-वीस मिनिटं अण्णा गप्प. कोरीव पाठीकडे बघून "छान रंगवलंय" म्हणाले, म्हणजे नापास. मग सुकाणूंनी सांगितल्याप्रमाणे त्यांना पुढे नेलं आणि वर बघा म्हटलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि चक्क मला शिकवायला लागले. एका संबूकावर दोराची गोल गोल सुंदर गुंडाळी करून डेकवर मांडली होती. माझ्या मते फारच देखणी. अण्णा म्हणाले, "हा दोर घाईत सोडायला गेलं तर गाठ बसेल. शोभेचा आहे." शेजारच्या बूमवर दोर कसाबसा टाकल्यासारखा दिसत होता, तर म्हणाले, "हा बघ, हा धावणार." मला दोन्हींत काय फरक ते अजून पुरतं कळलेलं नाही, पण त्यांचं बोट पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं.

रुक्मावती, चकल्यांनी खरंच काम केलं. त्याच बूमवर मांडवीकडचा एक खलाशी निघाला. अण्णांनी हिंदीत विचारलं, "पानी कितना लेता है?" तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग फळी उचलून आतलं पाणीच दाखवलं. पंप रोज सकाळी चालवतात म्हणे. अण्णांचा चेहरा काय खुलला! गुडघे विसरून शिडी चढले. मी खाली उभी, जीव मुठीत.

वर गेल्यावर त्यांनी परबाणाची आवळणी हातानं चाचपली, नखानं दोन वेढ्यांमध्ये दाबून बघितलं. मग दोघांचं जे काही सुरू झालं ते माझ्या आवाक्याबाहेरचं. एवढं कळलं की फत्तेमारीचा पठाण, म्हणजे तळाचं मधलं लाकूड, मधे वर उचललेला असायचा आणि या बूमचा सरळ आहे, त्यावर अण्णांचं म्हणणं होतं की आमचं वाऱ्याला जास्त वर चढायचं. खलाशाला ते मान्य नव्हतं. अर्धा तास. चकल्या तिथेच संपल्या.

शीड पूर्ण चढलेलं त्या दिवशी बघायला मिळालं नाही. शर्यतीच्या दिवशी परत गेलो, पण वारा पडलेला. एका जहाजानं शीड चढवलं आणि ते नुसतं लोंबत राहिलं, लोक हिरमुसले. अण्णा अजिबात नाही. म्हणाले, "असंच असायचं. जयगडच्या बाहेर दिवसचे दिवस." मग दिशा बदलताना परबाणाचं ते धूड कसं उभं करायचे ते विचारलं, तर घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर लाटणं, रुमाल आणि सुतळी घेऊन करून दाखवलं. नातवानं व्हिडिओ काढलाय. लाटणं दोनदा डाळीत पडलं.

रुपयाचं सांगितलं तेव्हा म्हणाले की त्यांच्या तांडेलाकडे आखाताकडच्या वेगळ्या रंगाच्या नोटा होत्या, त्या खऱ्या का खोट्या यावरून जहाजावर भांडणं व्हायची. तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता. सुकाणू, तुमच्यामुळे तो वाद मिटला.

आता नवीन त्रांगडं. त्या मांडवीच्या खलाशानं अण्णांच्या डोक्यात भरवलंय की ओमानमध्ये सूर नावाच्या गावी खरं जुनं, मोठं शिडाचं जहाज उभं आहे, ते बघितल्याशिवाय परत जाऊ नका. खरं आहे का हे? परतीच्या तिकिटाला अजून अवकाश आहे.

सुकाणू

खरं आहे. 'फतह अल खैर' नाव. घंजा जातीचं, म्हणजे आपल्या कोटियाचं सख्खं भावंड, सूरमध्येच १९५१ साली बांधलेलं. पुढे विकलं गेलं, येमेनमध्ये होतं, तिथून १९९३च्या सुमारास गावकऱ्यांनी पैसे जमवून परत आणलं. आता पाण्यात नाही, किनाऱ्यावर कोरड्यात उभं केलंय, त्यामुळे अण्णांना अख्खा पठाण खालून बघता येईल. वाद तिथे निकालात काढा. जवळच खाडीकाठी जहाजं बांधायचा जुना कारखानाही आहे.

मस्कतला विमानानं जा, तिथून सूर गाडीनं दोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता उत्तम. अण्णांच्या व्हिसाचं आधी बघा. तुमच्या कतारच्या रहिवासावर तुमचं काम सोपं होईल, त्यांचं वेगळं काढावं लागेल.

आणि तो लाटण्याचा व्हिडिओ इथे टाका.